चार्टिस्ट चळवळ आणि तिच्या सहा मागण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्येक प्रौढाला मत, चिठ्ठीवर गुप्त मतदान, निवडून आलेल्याला पगार: आज या गोष्टी आपल्याला हवापाण्यासारख्या वाटतात. १८३८ पासून ब्रिटनमध्ये त्या (मत मात्र फक्त पुरुषांपुरते) मागणारे लोक तुरुंगात गेले, काही काळ्या पाण्यावर गेले. त्या लोकांविषयी आणि त्यांच्या मागण्यांचे पुढे काय झाले याविषयी विद्यार्थी, शिक्षक, कार्यकर्ते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

चार्टिस्ट म्हणजे नेमके कोण?

ब्रिटनमधले विणकर, शिंपी, चांभार, छपाई कामगार, खाणकामगार, गिरणी कामगार आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले काही पत्रकार, वकील, छोटे दुकानदार. जून १८३६ मध्ये लंडनमध्ये कामगारांची एक संघटना निघाली. विल्यम लव्हेट हा सुतारकाम करणारा गृहस्थ तिचा चिटणीस होता. या संघटनेने ८ मे १८३८ रोजी 'लोकांची सनद' छापून प्रसिद्ध केली. इंग्रजीत सनदेला चार्टर म्हणतात, म्हणून हे लोक चार्टिस्ट. उत्तरेकडच्या गिरण्यांच्या गावांत मात्र चळवळीचा चेहरा होता फर्गस ओ'कॉनर, मूळचा आयर्लंडचा, प्रचंड आवाजाचा वक्ता. लीड्समधून निघणारे 'नॉर्दर्न स्टार' हे त्याचे साप्ताहिक. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी ते गुत्त्यात, कारखान्याच्या दारात, कुणाच्या तरी ओसरीवर मोठ्याने वाचले जाई. त्यामुळे खपाच्या आकड्यावरून त्याच्या वाचकांचा अंदाज बांधता येत नाही.

शाळेत १८१३, १८३३ आणि १८५३ चे 'सनदी कायदे' शिकवले होते. हा चार्टर त्यातलाच का?

नाही, आणि हा घोळ परीक्षेच्या पेपरात हमखास होतो. ते कायदे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराची मुदत वाढवणारे होते, संसदेने केलेले. ही सनद सामान्य माणसांनी तयार केलेला कायद्याचा मसुदा होता. त्यात कलमे होती, परिशिष्टे होती, मतदान केंद्राचा आराखडासुद्धा होता. संसदेने ती कधीच मंजूर केली नाही.

पण १८३२ साली सुधारणा कायदा झालाच होता ना?

झाला होता, आणि सगळा राग तिथूनच सुरू होतो. १८३२ पूर्वी ओल्ड सॅरम या ओसाड टेकडीला दोन खासदार होते आणि मँचेस्टरला, बर्मिंगहॅमला एकही नव्हता. नव्या कायद्याने अशा ५६ नावापुरत्या मतदारसंघांची मान्यता गेली आणि औद्योगिक शहरांना जागा मिळाल्या. पण शहरात मत कुणाला? वर्षाला किमान दहा पौंड भाड्याच्या किमतीचे घर किंवा दुकान ज्याच्याकडे आहे त्याला. कायदा व्हावा म्हणून मिरवणुकांत चाललेल्या कामगाराची खोली या मोजमापात बसत नव्हती. इंग्लंड-वेल्समध्ये पाच प्रौढ पुरुषांमागे जेमतेम एकाला मत मिळाले.

शिवाय कायद्याच्या भाषेत 'पुरुष व्यक्ती' हे शब्द पहिल्यांदा घातले गेले. स्त्रीला मत नाही ही तोवर रूढी होती, आता तो लेखी नियम झाला.

नव्या संसदेने दोन वर्षांत गरिबांविषयीचा नवा कायदा केला. मदत हवी तर घर मोडून बंद कामगृहात जायचे, तिथे नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्या. त्याच १८३४ साली डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना काढताना गुप्त शपथ घेतली म्हणून सात वर्षे ऑस्ट्रेलियाला पाठवले. मत नसले की कायदे कसे होतात, हे लोकांनी असे प्रत्यक्ष पाहिले.

सहा मागण्या कोणत्या, आणि सहाच का?

एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत. गुप्त मतदान. उमेदवाराला मालमत्तेची अट नको. खासदाराला पगार. समान लोकसंख्येचे मतदारसंघ. दरवर्षी निवडणूक.

पाठ करण्यापुरती ही यादी पुरते, पण समजून घ्यायला पुरत नाही. या मागण्या तिवईच्या पायांसारख्या होत्या: एक काढली की बाकीच्या डगमगतात. सगळ्या पुरुषांना मत दिले पण मतदान उघड ठेवले, तर मालक सांगेल तिथेच मजूर मत देणार. मतदान गुप्त केले पण उमेदवाराला मालमत्तेची अट ठेवली, तर गुप्तपणे निवडायचे ते दोन जमीनदारांतून एकाला. तेव्हा ग्रामीण मतदारसंघातून उभे राहायला वर्षाला ६०० पौंड आणि शहरी मतदारसंघातून ३०० पौंड उत्पन्नाची अट होती, १७१० पासूनची. ती अट काढली पण पगार दिला नाही, तर निवडून आलेला विणकर लंडनमध्ये खाणार काय? आणि हे सगळे झाले तरी काही शे मतदारांच्या गावाला दोन खासदार आणि मँचेस्टरलाही दोनच, असे राहिले तर शहरातल्या मताची किंमत काय?

दरवर्षी निवडणूक ही मागणी आज विचित्र वाटते. त्यांचा हिशेब साधा होता. सात वर्षांतून एकदा मतदारसंघ विकत घेणे श्रीमंताला परवडते. मतदार हजारोंनी असतील आणि निवडणूक दरवर्षी असेल, तर कुणाचीही थैली पुरणार नाही. आणि ज्याला वर्षाच्या आत पुन्हा दारात यायचे आहे तो शब्द फिरवताना विचार करील.

आमचे ठाम मत असे आहे की चळवळीची खरी बुद्धी या जोडणीत होती, आणि पुढे मागण्या सुट्या करून, सवडीने, एकेक देण्यात आल्या तेव्हा तीच मोडली गेली.

गुप्त मतदान नव्हते तेव्हा मत द्यायचे कसे?

गावाच्या चौकात लाकडी मंच उभा राहायचा. उमेदवार त्यावर उभे राहून भाषणे करत. मग निवडणूक अधिकारी हात वर करायला सांगे. इथे गंमत अशी की जमावात कुणीही हात वर करू शके, मत असो वा नसो. चार्टिस्टांनी या फटीचा पुरेपूर उपयोग केला: आपला उमेदवार मंचावर चढवायचा, खणखणीत भाषण करायचे, हातांच्या मोजणीत जिंकायचे. हरलेला उमेदवार मग रीतसर मतदान मागायचा आणि त्यात फक्त नोंदलेले मतदार उरत. चार्टिस्ट उमेदवार बहुतेक तिथेच थांबायचा, पण गावाची इच्छा काय आणि निकाल काय, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलेले असे.

रीतसर मतदानात मतदार कारकुनासमोर जाऊन नाव सांगे आणि मत कुणाला तेही मोठ्याने सांगे. कारकून वहीत लिही. या वह्या पुढे छापून विकल्या जात. कुणी कुणाला मत दिले हे जमीनदार घरबसल्या वाचू शके, आणि कूळ बेदखल करायला त्याला एवढे पुरे होई.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मत नसलेले कामगारसुद्धा त्याच वह्या वाचत आणि विरोधात मत देणाऱ्या दुकानदाराकडून खरेदी बंद करत. म्हणून काही जहाल लोकांनाच गुप्त मतदान नको होते: सगळ्यांना मत मिळेपर्यंत मतदार हा बाकीच्यांचा विश्वस्त आहे, त्याने काय केले ते दिसले पाहिजे, असे ते म्हणत. गुप्त मतदान आणि सार्वत्रिक मत एकत्रच हवेत, ते यासाठीही.

सनदेत मतदान यंत्र होते म्हणतात, ते खरे का?

हो. सनदेच्या छापील प्रतीला मतदान केंद्राचे चित्र जोडलेले होते. मतदाराला एक गोळी द्यायची. पडद्याआड त्याने ती आपल्या उमेदवाराच्या नावाच्या भोकात टाकायची. आत घड्याळासारखी चक्रे, ती मत नोंदवणार. गोळी घरंगळत पुढच्या बाजूला अधिकाऱ्यासमोर बाहेर येणार. यात दोन गोष्टी साधतात: कुणाला मत दिले ते दिसत नाही, पण एकच गोळी पडली हे दिसते. पहिली गोळी बाहेर आल्याशिवाय पुढच्या मतदाराला आत सोडायचे नाही, म्हणजे दोनदा मत देण्याची वाट बंद.

हे यंत्र प्रत्यक्षात वापरले गेले नाही. पण मत गुप्त आणि मोजणी तपासता येण्याजोगी, हे दोन्ही एकाच पेटीत बसवायचे कसे, हा आजच्या मतदान यंत्रावरच्या वादातला प्रश्न त्यांनी १८३८ सालीच नेमका पकडला होता.

लाखो सह्या गोळा कशा केल्या?

सनद मान्य करा असा अर्ज चार्टिस्टांनी संसदेकडे १८३९, १८४२ आणि १८४८ मध्ये केला. त्यासाठी कागदाचे सुटे ताव गावोगावी पाठवले जात. वरच्या बाजूला अर्जाचा मजकूर किंवा त्याचा सारांश, खाली सह्यांच्या ओळी. सभेच्या मैदानात, प्रार्थनामंदिराच्या बाहेर, दुकानात टेबल टाकून आणि मुख्य म्हणजे दारोदार फिरून सह्या घेतल्या जात. भरलेले ताव लंडनला आले की खळीने एकाखाली एक चिकटवून गुंडाळी करायची. १८३९ ची गुंडाळी सुमारे तीन मैल लांब होती, सह्या १२ लाख ८० हजार. १८४२ ची सहा मैलांच्या आसपास, सह्या ३३ लाखांच्या वर. ती संसदेच्या सभागृहाच्या दारातून आत जाईना, तेव्हा तिचे तुकडे करून ते जमिनीवर रचावे लागले.

१८४२ च्या अर्जातला एक हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. राणीला खासगी खर्चासाठी दिवसाला १६४ पौंड १७ शिलिंग १० पेन्स मिळतात आणि हजारो मजूर कुटुंबांना माणशी दिवसाला पावणेचार पेन्स, असे त्यात लिहिले होते. पौंडाचे २४० पेन्स धरून भागाकार केला तर राणीचा एक दिवस म्हणजे साडेदहा हजार माणसांचा एक दिवस. सही करणाऱ्याला राज्यशास्त्र समजावून सांगायची गरज पडली नाही, ती यामुळे.

संसदेने अर्जांचे काय केले?

१८३९ चा अर्ज विचारात घ्यावा का, यावर ४६ विरुद्ध २३५ मतांनी नकार. १८४२ ला ४९ विरुद्ध २८७ मतांनी नकार. मंजूर करणे राहोच, अर्जदारांना सभागृहात बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे एवढेही मान्य झाले नाही.

१८४२ च्या चर्चेत विरोधातले सगळ्यात गाजलेले भाषण मेकॉलेचे. होय, तोच: भारतातल्या इंग्रजी शिक्षणाचा आणि दंडसंहितेच्या मसुद्याचा मेकॉले, जो १८३८ मध्ये कलकत्त्याहून परतला होता. त्याचा मुद्दा असा की सार्वत्रिक मताधिकार म्हणजे मालमत्तेचा अंत, आणि मालमत्ता गेली की सुधारलेले जगणेच संपले. भारताला स्वराज्य पेलणार नाही असे पुढे जे युक्तिवाद झाले ते ऐकलेल्या वाचकाला यातला सूर ओळखीचा वाटेल. आधी घरच्या गरिबांवर तो चालवून पाहिला गेला होता.

१८४८ च्या अर्जात खोट्या सह्या होत्या म्हणून चळवळ हास्यास्पद ठरली, हे खरे का?

अर्धे खरे. १० एप्रिल १८४८ रोजी थेम्सच्या दक्षिणेला केनिंग्टनच्या मैदानावर सभा झाली. तिथून अर्ज घेऊन मोर्चाने संसदेवर जायचे ठरले होते. १६६१ च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन सरकारने मोर्चावर बंदी घातली. पोलिसांनी पूल अडवले, हजारो नागरिकांना तात्पुरते शिपाई नेमले, तारायंत्रे आठवडाभर सरकारच्या ताब्यात घेतली. राजघराणे आधीच इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या 'आइल ऑफ वाइट' या बेटावर गेले होते. रक्तपात होईल हे पाहून ओ'कॉनरने मोर्चा रद्द केला आणि अर्ज घोडागाडीतून पाठवला. गर्दी किती होती? त्याचा दावा चार-पाच लाखांचा, सरकारी आकडा पंधरा हजारांचा. दोन्हींवर विश्वास ठेवू नये. त्या दिवशीचे छायाचित्र उपलब्ध आहे, जगातल्या पहिल्यावहिल्या जनसमूहाच्या छायाचित्रांपैकी एक. पंधरा हजार हा आकडा कमी धरलेला असावा, असे त्यावरून वाटते.

ओ'कॉनरने ५७ लाख सह्या सांगितल्या. तीन दिवसांत संसदेच्या समितीने १९,७५,४९६ मोजल्या आणि त्यात राणी व्हिक्टोरिया, सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन, 'चपटे नाक' अशी नावे असल्याचे जाहीर केले. सभागृहात हशा पिकला.

आता मोजणीकडे पाहा. समितीच्या सांगण्यानुसार तेरा-एक कारकुनांनी सतरा-एक तास काम केले. म्हणजे प्रत्येकाने मिनिटाला सुमारे दीडशे सह्या, सेकंदाला दोनहून जास्त. अशा वेगाने सही मोजता येत नाही, वाचणे तर दूरच. तेव्हा शेवटच्या ६ पर्यंत अचूक दिसणारा तो आकडाही फुगवलेलाच, फक्त उलट्या बाजूने.

खोट्या सह्या आल्या कशा, याची कारणे मात्र खरी होती आणि ती टाळता आली असती. टेबलावर उघडा टाकलेला ताव, शेजारी कुणी नाही: टवाळांना आणि विरोधकांना मोकळे रान. मालकाच्या भीतीने टोपणनाव लिहिणारे कामगार. आणि घरात एकालाच लिहिता येत असल्याने त्याने सगळ्यांची नावे लिहिलेली. समितीने 'एकाच हातची पानेच्या पाने' म्हणून ज्यांवर बोट ठेवले त्यात ही तिसऱ्या प्रकारची नावे किती, हे कुणी तपासले नाही. शंभरातल्या आठेक सह्या स्त्रियांच्या होत्या, तीही तक्रार म्हणूनच नोंदली गेली.

आज निवेदनावर सह्या घेणाऱ्यांनी यातून काय घ्यावे?

प्रत्येक तावाला क्रमांक द्या आणि तो ताव कुणाकडे दिला ते वहीत लिहा. सहीशेजारी नाव सुवाच्य, गाव किंवा वॉर्ड, आणि अंगठा असेल तर साक्षीदार. दुसऱ्याने नाव लिहिले असेल तर 'हस्ते' लिहून त्याची सही. ताव माणसाशिवाय ठेवू नका. मागण्यांचा मजकूर प्रत्येक तावावर छापा, नाहीतर 'आम्हाला दुसरेच सांगून सही घेतली' हा आरोप येतो. रोज संध्याकाळी मोजा, खाडाखोड आणि दुबार नावे तिथेच काटा. आणि शेवटी आकडा जाहीर करण्याआधी आपल्याच दोन माणसांकडून वेगवेगळी मोजणी करून घ्या. ओ'कॉनरने वीस लाख म्हटले असते तर तो आकडा टिकला असता. ५७ लाख म्हटल्यामुळे खऱ्या सह्याही गेल्या.

'नैतिक बळ' आणि 'शारीरिक बळ' असे दोन गट होते ना?

पाठ्यपुस्तकात असतात. लव्हेट नेमस्त, ओ'कॉनर जहाल, असे दोन रकाने. प्रत्यक्षात तीच माणसे महिन्यागणिक सूर बदलत. 'शांततेने शक्य तर, नाहीतर बळाने' हे वाक्य बहुतेकांच्या तोंडी होते आणि त्यात दोन्ही अर्ध्या भागांना वजन होते. शांततेचा पुरस्कर्ता लव्हेटसुद्धा बर्मिंगहॅममधल्या पोलिसी मारहाणीचा निषेध छापला म्हणून वर्षभर तुरुंगात होता.

खरा उठाव एकच मोठा: ४ नोव्हेंबर १८३९, वेल्समधले न्यूपोर्ट. डोंगरांतल्या खाणी-भट्ट्यांमधून हजारो माणसे रात्रभर पावसात चालत आली. तुकड्या वेगवेगळ्या वेळी पोचल्या, पहाटेचा बेत सकाळवर गेला, तोवर वेस्टगेट हॉटेलात सैनिक येऊन बसले होते. गोळीबारात वीस-बावीस जण मेले. उठावाचा पुढारी जॉन फ्रॉस्ट आणि त्याच्या दोन साथीदारांना फाशी देऊन देहाचे तुकडे करण्याची शिक्षा झाली, देशभर अर्ज गेल्यावर ती बदलून त्यांना टास्मानियाला पाठवले. तिथे १८४८ नंतर विल्यम कफेही गेला, लंडनचा काळा शिंपी, ज्याचे वडील गुलामगिरीतून आलेले होते. तो परतला नाही, १८७० मध्ये होबार्टला वारला.

सरकारने चळवळ मोडली ती फक्त दडपशाहीने का?

नाही. १८३९ मध्ये उत्तर इंग्लंडच्या सैन्याचा प्रमुख होता चार्ल्स नेपियर, ज्याने पुढे १८४३ मध्ये सिंध जिंकला. त्याला स्वतःला सनदेतल्या मागण्या पटत होत्या. त्याने सैन्य लहान तुकड्यांत विखरू दिले नाही, आणि चार्टिस्ट पुढाऱ्यांना तोफा कशा चालतात ते दाखवले म्हणजे ते आपणहून थांबतील, असे धोरण ठेवले. गोळी कमी चालली याचे काही श्रेय त्याला आहे. सिंधमध्ये त्याने असा संयम दाखवला नाही.

दुसरे म्हणजे संसदेने मताधिकार न देता पोटाला थोडे दिले: १८४६ ला धान्यावरची आयातजकात गेली, १८४७ ला गिरण्यांतल्या स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा दिवस आला. १८३२ साली कामगारांबरोबर चाललेला मध्यमवर्ग आता मतदार होता, त्याला घाई नव्हती.

जमिनीची योजना काय होती, आणि का बुडाली?

ओ'कॉनरने १८४५ मध्ये कंपनी काढली. कामगारांनी थोडे थोडे पैसे भरून समभाग घ्यायचे, कंपनी शेते विकत घेणार, दोन-तीन-चार एकरांचे तुकडे पाडून घर बांधणार आणि चिठ्ठ्या काढून देणार. सुमारे सत्तर हजार लोकांनी पैसे भरले, पाच वसाहती उभ्या राहिल्या, जमीन मिळाली अडीचशेच्या आसपास कुटुंबांना. बाकीच्यांची पाळी यायला किती वर्षे लागतील, हा हिशेब सुरुवातीलाच मांडला गेला नाही. चिठ्ठ्यांमुळे कायद्याच्या नजरेत ती सोडत ठरली आणि नोंदणी अडली. हिशेबाच्या वह्या अस्ताव्यस्त होत्या, तरी संसदीय समितीला ओ'कॉनरने पैसा खाल्ल्याचे आढळले नाही. उलट कंपनीच त्याचे देणे लागत होती. १८५१ मध्ये ती गुंडाळली. पाचांपैकी हेरन्सगेट या वसाहतीतली काही घरे आजही उभी आहेत.

स्त्रियांना मत का मागितले नाही?

लव्हेटच्या पहिल्या मसुद्यात ते होते. पुरुषांचा मताधिकार लांबेल या भीतीने सहकाऱ्यांनी ते काढले. स्त्रियांनी स्वतंत्र संघटना काढल्या, सह्या गोळा केल्या, दुकानदारांवर बहिष्कार चालवला. सनदेत त्यांना जागा नव्हती. १८५१ मध्ये शेफिल्डच्या स्त्रियांच्या संघटनेने मताधिकाराचा अर्ज वरिष्ठ सभागृहात पोचवला. १८६७ मध्ये तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिलने कायद्यातला 'पुरुष' शब्द काढून 'व्यक्ती' घालायची सूचना मांडली, ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. 'आधी आमचे होऊ द्या' म्हणणाऱ्या पुरुषांना सगळ्यांसाठी मत मिळाले १९१८ मध्ये. त्याच कायद्याने तीस वर्षांवरच्या काही स्त्रियांनाही मिळाले. म्हणजे स्त्रियांना वगळून वेळ वाचला, असे काही झाले नाही.

शेवटी सहा मागण्यांचे काय झाले?

मालमत्तेची अट १८५८ ला गेली, कारण ती चुकवण्याच्या इतक्या वाटा निघाल्या होत्या की कुणाला तिचा उपयोग राहिला नव्हता. गुप्त मतदान १८७२ ला आले. ते आले तेव्हा गावातल्या बहुतेक मजुरांना मतच नव्हते. मताधिकार १८६७ ला शहरी घरधारकांना, १८८४ ला ग्रामीण घरधारकांना, १९१८ ला सर्व प्रौढ पुरुषांना, १९२८ ला स्त्रियांना बरोबरीने. १८८५ ला मतदारसंघ बरेचसे समान झाले, तरी धंदा किंवा पदवीच्या जोरावर दुसरे मत देण्याची सोय १९४८ पर्यंत चालली. खासदारांना पगार १९११ ला, वर्षाला ४०० पौंड. दरवर्षी निवडणूक कधीच नाही. १९११ लाच मुदत सातवरून पाच वर्षांवर आली.

हा क्रम नीट पाहा. अट गेली पण पगार त्रेपन्न वर्षे आला नाही. मधल्या काळात उमेदवारी सगळ्यांना खुली होती आणि परवडत होती श्रीमंतांना. प्रत्येक तुकडा तेव्हा दिला गेला जेव्हा त्याने फार काही हलणार नव्हते. 'सहापैकी पाच मागण्या मान्य झाल्या, म्हणजे चळवळ यशस्वी' हे परीक्षेतले उत्तर म्हणून चालेल. १८३८ मध्ये वीस वर्षांच्या असलेल्या विणकराच्या आयुष्यात त्या पाच एकत्र कधीच आल्या नाहीत.

इतरत्र कुठे त्या लवकर मिळाल्या का?

ऑस्ट्रेलियात. व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात गुप्त मतदान १८५६ मध्येच आले, ब्रिटनच्या सोळा वर्षे आधी. १८५४ मध्ये बॅलरटच्या सोन्याच्या खाणींवर झालेल्या उठावात जुने चार्टिस्ट होते आणि खाणकामगारांच्या मागण्यांची यादी सनदेवरून घेतलेली दिसते. सरकारने छापलेली मतपत्रिका, आडोशात खूण, पेटीत घडी: ही पद्धत तिथून जगभर गेली.

भारताशी, महाराष्ट्राशी याचा संबंध आहे का?

थेट वंशावळ जोडू नये, पण खरे धागे आहेत. १८४२ चा अर्ज सभागृहात मांडणारा थॉमस डन्कम हा लंडनच्या फिन्सबरीचा खासदार. त्याच भागातल्या मध्य फिन्सबरीतून १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी निवडून आले, अवघ्या काही मतांच्या फरकाने. तेव्हाही खासदाराला पगार नव्हता. चार्टिस्ट पुढारी अर्नेस्ट जोन्सने १८५७ मध्ये आपल्या वृत्तपत्रात उठाव करणाऱ्या भारतीयांची बाजू उघडपणे घेतली, लंडनमध्ये सूडाची भाषा शिगेला पोचलेली असताना. १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले; सभा, ठराव, सह्या ही तीच रीत.

ब्रिटिश अमलात इथे मत होते ते मालमत्ता, कर किंवा शिक्षणाच्या अटीवर. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा मेकॉलेच्याच सुरातला युक्तिवाद समोर होता: अडाणी माणसाला मत कसे द्यायचे? त्यांचे म्हणणे, ज्याला कायद्याचा चटका बसतो त्याला आपले हित कळते.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर चिन्ह, मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पेटीत टाकायची. सनदेतल्या गोळी-भोकाच्या कल्पनेशी हे चांगलेच मिळतेजुळते, कारण अडचण तीच होती: वाचता न येणाऱ्याला गुप्तपणे मत देता आले पाहिजे. यांतल्या लाखो पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. त्याच निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको' एवढेच सांगितले होते.

पाचवी मागणी, समान मतदारसंघ, भारतात पूर्ण झाली आहे का?

नाही. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७६ पासून १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये, हे त्यामागचे कारण न्याय्य आहे. आणि एका खासदारामागची माणसे राज्याराज्यांत कमीजास्त आहेत, ही तक्रारही न्याय्य आहे. चार्टिस्टांनी देशाचे ३०० सारखे तुकडे करायला सांगितले होते. त्यांच्या मसुद्यात आयर्लंडचाही समावेश होता, पण आयर्लंडचे प्रतिनिधित्व नुसत्या डोक्यांच्या मोजणीने सुटते का, या प्रश्नावर त्यांच्यातच एकमत नव्हते: १८४२ च्या अर्जात आयर्लंडशी झालेले एकीकरण रद्द करण्याची मागणी घातली, तेव्हा स्कॉटलंडच्या अनेक चार्टिस्टांनी त्याला हरकत घेतली.